आईला शॉक बसला, पण फ्यूज उडाला नाही

मागच्या मे महिन्यात सकाळी साडेनऊला बाबांचा फोन आला. बाबा त्या वेळेला कधीच फोन करत नाहीत, म्हणून मी मीटिंगमधून उठून बाहेर आलो. "आईले कूलरचा करंट लागला, आता बरी आहे, तू घाबरू नको," एवढंच बोलले. मग आई स्वतः फोनवर आली आणि नेहमीसारखं माझ्या जेवणाचं विचारायला लागली, तिचा आवाज मात्र कापत होता.

अमरावतीचं आमचं घर १९७४ चं. चार खोल्या, पुढे ओसरी, मागे अंगण. उन्हाळ्यात ओसरीच्या खिडकीला पत्र्याचा मोठा कूलर, विदर्भातल्या कुठल्याही घरात असतो तसा. आई सकाळी पाइपने कूलरमध्ये पाणी भरत होती, कूलर चालूच होता (कोण बंद करतं, ४४ डिग्रीत पाच मिनिटं बंद केला तरी घाम फुटतो), पाय अनवाणी, खाली फरशी ओली, आणि डावा हात पत्र्याला टेकला. झटका बसून ती मागे फेकली गेली, कोपराला मार लागला. मागे फेकली गेली हे नशीब म्हणायचं, कारण हात त्याच जागी धरून राहिला असता तर ही पोस्ट मी लिहितच नसतो.

त्यानंतर जे झालं ते मला जास्त भयंकर वाटतं. बाबा धावत आले, कूलरचं बटण बंद केलं, पंखा थांबला, आणि खात्री करायला म्हणून त्यांनी पत्र्याला टेस्टर लावला. टेस्टर पेटला! बटण बंद, तरी पत्र्यात करंट. मग त्यांनी भिंतीतली पिन ओढून काढली तेव्हा कुठे टेस्टर विझला. कारण साधं होतं, कूलरला दोन पिनांचा प्लग होता आणि तो उलटसुलट कसाही बसतो, त्या दिवशी असा बसला होता की कूलरचं बटण फेजऐवजी (फेज म्हणजे करंट आणणारी तार) न्यूट्रल (करंट परत नेणारी तार) तोडत होतं. म्हणजे मोटर थांबली पण फेज आत तसाच उभा. बोर्डावर जाऊन पाहिलं तर सगळे फ्यूज जागच्या जागी, एकही उडालेला नाही.

फ्यूज का उडाला नाही हे मी त्या आठवड्यात चार जणांना विचारलं आणि चार जणांनी चार उत्तरं दिली. नंतर ज्या वायरमन काकांनी आमचं काम केलं त्यांनी जे समजावलं ते एकदा डोक्यात बसलं की जुन्या बोर्डाकडे पूर्वीसारखं बघताच येत नाही, म्हणून तेच आधी लिहितो.

फ्यूज हा वायरीसाठी असतो, माणसासाठी नसतो. वायर तापून जळू नये, घराला आग लागू नये, एवढंच त्याचं काम. ५ अँपिअरची फ्यूज तार ५ अँपिअरला वितळतही नाही, साधारण दुप्पट, म्हणजे १० अँपिअरच्या आसपास करंट गेला की ती वितळते. आता ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या माणसाचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, १००० ओहम धरला तर २३० व्होल्टला त्याच्या अंगातून जाणार २३० मिलिअँपिअर (हजार मिलिअँपिअरचा एक अँपिअर), म्हणजे पाव अँपिअरसुद्धा नाही. साधा ६० वॅटचा पिवळा बल्ब यापेक्षा थोडा जास्तच घेतो. थोडक्यात, आईच्या अंगातून करंट जात होता तेव्हा फ्यूजच्या हिशेबात घरात फक्त एक बल्ब लागला होता. तो कशाला उडेल? आणि माणसाच्या बाजूने बघा, १० मिलिअँपिअरच्या आसपास स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडवत नाही, आणि ३० च्या वर करंट अंगातून जात राहिला तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. कुठे ३० मिलिअँपिअर आणि कुठे १० अँपिअर, तीनशेपटीहून जास्त फरक आहे. या मधल्या सगळ्या जागेत जुना फ्यूज बोर्ड काहीही करत नाही, आणि माणसं नेमकी त्याच जागेत दगावतात.

आमचा बोर्ड कसा होता ते सांगतो, तुमच्याही गावच्या घरी बहुतेक असाच असेल. दारामागे भिंतीवर लाकडी फळी, तिच्यावर मीटर, खाली लोखंडी डब्यातला मेन स्विच, ज्याचा दांडा ओढताना मोठ्ठा आवाज व्हायचा, आणि त्याखाली पांढऱ्या चिनी मातीच्या किटकॅट फ्यूजची रांग. सागवानी पट्टीवर क्लिपा मारून नेलेली वायरिंग, सगळी तीन-बावीसची (बावीस गेजच्या तीन तारांची जुनी वायर), त्यावर पन्नास वर्षांचे ऑइलपेंटचे थर. लहानपणी लाईट गेली की बाबा स्टुलावर चढायचे, मी खाली बॅटरी धरून उभा राहायचो, आणि ते किटकॅट ओढून काढून, जळलेली तार खरवडून नवी तार गुंडाळायचे. तारेचं रीळ खिळ्याला टांगलेलं असायचं. रीळ संपलं असलं की जुन्या वायरीतला तांब्याचा एखादा तंतू, आणि तोही पुन्हा उडाला तर दोन तंतू पिळून. त्या वेळी ते फार हुशारीचं काम वाटायचं मला. आता कळतं की ५ अँपिअरच्या जागी जाड तांबं घातलं की तो फ्यूज राहतच नाही, आणि मग भिंतीतली वायरच फ्यूज होते, म्हणजे आधी ती जळणार. बाबांना मी दोष देत नाही, प्रत्येक घरात हेच चालायचं आणि दुसरं काही मिळतही नव्हतं.

अजून एक गोष्ट आमच्या बोर्डात निघाली. फेजला जसा किटकॅट तसाच न्यूट्रललाही किटकॅट. जुन्या काळी दोन्ही तारांना फ्यूज लावायची पद्धत होती. त्यात होतं असं की कधी न्यूट्रलचा फ्यूज आधी उडतो, घरात अंधार होतो, सगळे समजतात लाईट गेली, पण फेज मात्र प्रत्येक होल्डरपर्यंत आणि प्रत्येक प्लगपर्यंत पोचलेलाच असतो. अंधारात बल्ब बदलायला हात घातला की बसला शॉक. काकांनी सगळ्यात आधी कुठल्या गोष्टीला हात घातला असेल तर याला, न्यूट्रलचे किटकॅट काढून तिथे सरळ पितळी लिंक टाकली. तुमच्या घरी बाकी काही करायला वेळ लागणार असेल तर निदान हे एक काम वायरमनकडून या आठवड्यात करून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे.

आता मुख्य गोष्ट, आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईन तोडणारा खटका. आपल्याकडचे वायरमन आणि दुकानदार याला अजूनही ईएलसीबीच म्हणतात, दुकानात ईएलसीबी मागितला तरी हाच देतात. दिसायला एमसीबीच्या (फ्यूजच्या जागी हल्ली लावतात त्या खटक्याच्या) जाडजूड भावासारखा, पण अंगावर टेस्टचं एक बटण असतं. याच्या आत एक कडं असतं आणि फेज-न्यूट्रल दोन्ही त्या कड्यातून जातात. फेजने जितका करंट गेला तितकाच न्यूट्रलने परत आला तर कडं शांत. पण थोडा जरी वाटेत दुसरीकडे गळाला, कूलरच्या पत्र्यातून, आईच्या हातातून, फरशीतून जमिनीत, तर जाणारा आणि येणारा यांचा मेळ बसत नाही आणि तो फरकच खटका पाडतो. घरासाठी घ्यायचा तो ३० मिलिअँपिअरचा. प्रत्यक्षात तो १५ ते ३० च्या मध्ये कुठेतरी पडतो. ३० ला ०.३ सेकंदाच्या आत पडलाच पाहिजे, आणि पाचपट म्हणजे १५० च्या वर गेला तर ०.०४ सेकंदात. हृदयाचा एक ठोका साधारण ०.८ सेकंदाचा असतो, त्यावरून अंदाज घ्या. शॉक तरीही जाणवतो हं, झिणझिणी येते, दचकायला होतं, पण माणूस चिकटून राहत नाही.

दुकानात एक फसगत होऊ शकते. १०० आणि ३०० मिलिअँपिअरचेही आरसीसीबी मिळतात, ते आग लागू नये म्हणून असतात, माणसासाठी त्यांचा उपयोग नाही, आणि किंमत-आकार सारखाच असल्याने गर्दीत कुठलाही हातात येतो. डबीवर नाही, वस्तूवर वाचा, ३० एमए किंवा ०.०३ ए लिहिलेलं असतं, आयएसआयचा मार्क आणि आयएस १२६४० हा नंबर बघा. टाइप एसी आणि टाइप ए असे दोन प्रकार असतात, घरात इन्व्हर्टर एसी किंवा नवीन वॉशिंग मशीन असेल तर टाइप ए घ्या, कारण त्या मशिनींच्या आत इलेक्ट्रॉनिक्स असतं आणि त्यातून होणारी गळती टाइप एसीला नीट कळत नाही.

आणि एक गैरसमज. आरसीसीबी लावला म्हणून एमसीबीची गरज संपत नाही. आरसीसीबीला ओव्हरलोड कळत नाही, शॉर्ट सर्किटही कळत नाही, त्याला फक्त गळती कळते. वायरीसाठी एमसीबी, माणसासाठी आरसीसीबी, दोन्ही लागतात. (दोन्ही एकात असलेला आरसीबीओ मिळतो, त्याबद्दल खाली.) एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरला तर मात्र आरसीसीबीसुद्धा काही करू शकत नाही, कारण त्याला वाटणार की करंट बरोबर परत येतोय.

एवढं सगळं समजल्यावर मी बाबांना फोनवर सांगितलं की बोर्ड बदलून टाकू. बाबा म्हणाले, "पन्नास वर्षं काही झालं नाही, अन आता कूलर बदलला की झालं." मी म्हणालो बाबा पन्नास वर्षांपूर्वी घरात काय होतं, सहा बल्ब, दोन पंखे आणि एक रेडिओ. आता फ्रिज आहे, गीझर आहे, मोटर आहे, मशीन आहे, दोन कूलर आहेत. गप्प झाले, पण हो म्हणाले नाहीत. दुसरं कारण त्यांनी नंतर सांगितलं, भिंती फोडाव्या लागतील, आईला धुळीचा दमा आहे, आणि पूर्ण वायरिंगचा खर्च लाखाच्या घरात जाईल असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. बहुतेक घरांत हेच होतं असं मला वाटतं. लोकांना वाटतं की एकतर सगळं नवीन करा नाहीतर काहीच करू नका, आणि मग काहीच केलं जात नाही.

खरं म्हणजे भिंतीला हात न लावता बोर्ड बदलता येतो, फक्त आतल्या वायरी तपासून घ्याव्या लागतात. आम्ही जानेवारीत काम काढलं, मी आठ दिवस सुट्टी घेऊन गेलो. काका परवानाधारक वायरमन, वय साठीच्या पुढे, बोलणं कमी. आले तर आधी नुसते घरभर फिरले, प्रत्येक बोर्डाचं झाकण उघडून पाहिलं, वहीत नकाशा काढला आणि कुठली वायर कुठून येते ते बाबांना विचारत बसले. मग मेगर काढला. याने ५०० व्होल्ट सोडून वायरीचं इन्सुलेशन मोजतात, त्या वेळी मेन बंद पाहिजे आणि टीव्ही, एलईडी, चार्जर सगळं काढून ठेवायचं. रीडिंग एक मेगाओहमच्या वर हवं. पुढच्या खोल्या चांगल्या निघाल्या, स्वयंपाकघर जेमतेम, आणि बाथरूमची लाईन ०.०१ मेगाओहम. काकांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हे पाह्य भाऊ, हिथं पाणी गळून नाही राह्यलं, करंट गळून राह्यला."

नवीन बोर्डात काकांनी घराचे दोन भाग केले. ओली लाईन आणि कोरडी लाईन, हे त्यांचेच शब्द. ओल्या लाईनवर दोन्ही कूलर, गीझर, बाथरूम, मोटर, मशीन. कोरड्या लाईनवर दिवे, पंखे, टीव्ही, फ्रिज. दोघांना वेगवेगळा ४० अँपिअरचा, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, आणि त्या दोघांच्या आधी ३२ अँपिअरचा डबल पोल, म्हणजे फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा, एमसीबी. एकच लावला असता तर स्वस्त पडलं असतं, पण रात्री कूलरने खटका पाडला की सगळं घर अंधारात आणि दोन म्हातारी माणसं चाचपडत, ते नको होतं. एमसीबी निवडताना काकांनी जी गोष्ट पाळली ती महत्त्वाची आहे, वायर बघून एमसीबी घ्यायचा, लोड बघून नाही. दिव्यांची तीन-बावीस वायर म्हणजे आजच्या भाषेत सव्वा स्क्वेअर एमएमसुद्धा भरत नाही, तिला ६ अँपिअरच. "पडतो म्हणून १६ चा टाका" असं कोणी म्हणालं तर ते जाड फ्यूज तारेचंच नवीन रूप झालं. गीझर आणि कूलरला मात्र वरून पीव्हीसी पट्टीतून नवीन वायर ओढली, गीझरला ४ स्क्वेअर एमएम, कूलरला २.५, सोबत हिरवी अर्थची वायर, म्हणजे पत्र्यात आलेला करंट जमिनीत नेणारी.

बोर्ड बसला, चालू केला, आणि खरं काम तिथून सुरू झालं.

बाथरूमचा दिवा लावला की दोन्ही आरसीसीबी एकदम पडायचे. एक नाही, दोन्ही. मला काही कळेना, काका मात्र खुर्चीवर बसून चहा पीतच म्हणाले न्यूट्रल दुसरीकडून घेतलाय. आणि तसंच निघालं, नव्वदच्या दशकात बाथरूमचा दिवा कोणीतरी वाढवला होता, त्याने फेज बाथरूमच्या बोर्डातून घेतला आणि न्यूट्रल जवळ पडतो म्हणून बोळातल्या दिव्याचा. म्हणजे करंट जाणार ओल्या लाईनने आणि परत येणार कोरड्या लाईनने. एकाला वाटतं गेलेला परत आला नाही, दुसऱ्याला वाटतं न गेलेला आला कसा, दोघेही आपापल्या जागी बरोबर. जुन्या घरांत असा उसना न्यूट्रल हमखास सापडतो. फ्यूजला याचं काही वाटत नाही, म्हणून तीस वर्षं कोणाला पत्ता लागला नाही.

ते सुधारलं तर ओल्या लाईनचा खटका बसेचना. सगळे एमसीबी खाली पाडले तरी आरसीसीबी पडतोच. मी म्हणालो, मग आरसीसीबीच खराब असणार. काका म्हणाले थांब. साधा एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो, त्यामुळे न्यूट्रल आणि अर्थ कुठे एकमेकांना भिडले असतील तर एमसीबी बंद करून काही उपयोग नाही. बोर्डातल्या ज्या पितळी बारवर सगळे न्यूट्रल जोडलेले असतात तिथून त्यांनी एकेक न्यूट्रल सोडवला, आणि तिसरा सोडवल्यावर खटका वर टिकला, तो होता वॉशिंग मशीनच्या प्लगचा. उघडून पाहिलं तर अर्थच्या पिनेला न्यूट्रलमधून बारीक तार मारून दिलेली. मशीन बसवायला आलेल्या माणसाने तेव्हा "अर्थिंग पाहिजे" म्हटलं होतं, घरात अर्थिंगची वायर नव्हती, म्हणून कोणीतरी ही सोय करून दिली होती. आम्ही नवीन अर्थची वायर तिथे आणून जोडल्यावर न्यूट्रल सरळ जमिनीला भिडला. ती तार पाहून मला घाम फुटला खरंच, कारण मागे कुठे न्यूट्रल सैल होऊन सुटला असता तर मशीनच्या पूर्ण पत्र्यात २३० व्होल्ट आले असते, आणि आई रोज त्यात हात घालते. तुमच्या घरी तीन पिनांचा प्लग आहे पण भिंतीतून फक्त दोनच वायरी येतात असं असेल तर तिसऱ्या पिनेत काय जोडलंय ते आजच वायरमनकडून बघून घ्या.

तिसरा होता गीझर. तो लावला की कधी पाच मिनिटांनी, कधी वीस मिनिटांनी खटका. बाथरूमचं ते ०.०१ मेगाओहम इथे कळलं, १० हजार ओहममधून २३० व्होल्टला २३ मिलिअँपिअर, म्हणजे १५ आणि ३० च्या अधेमधे, जिथे पडू पण शकतो, नाही पण पडू शकत. गीझरचं एलिमेंट चिरलं होतं. नवीन टाकल्यावर बंद झालं.

या तीन दिवसांत बाबांचा धीर सुटत चालला होता. "जुनंच बरं होतं, निदान लाईट तरी राहायची." शेजारून एक जण आले, त्यांच्या घरी पण असाच पडायचा म्हणे, मग त्यांच्या वायरमनने आरसीसीबीतून वायर काढून डायरेक्ट जोडून दिली, "तेव्हापासून काही त्रास नाही." मला एवढं वाईट वाटलं ते ऐकून. खटका बोर्डावर दिसतोय, घरच्यांना वाटतंय आपण सुरक्षित, आणि आत तो जोडलेलाच नाही. आरसीसीबी पडतो तेव्हा तो त्रास देत नसतो, घरात कुठेतरी गळती आहे हे दाखवत असतो. आमच्या घरी तीन दिवसांत त्याने तीन जागा दाखवल्या आणि त्या तिन्ही जागी आईचा रोजचा हात जातो.

अर्थिंगचं पण सांगायलाच पाहिजे. आमच्याकडे अर्थिंग आहे असं बाबा ठामपणे सांगायचे, आणि होतीही, नळाच्या लोखंडी पाइपाला तार गुंडाळलेली. पूर्वी ते चालूनही जायचं, पाइप जमिनीतून लांबवर गेलेला असायचा. पण मधे नळाची नवीन लाईन आली ती प्लास्टिकची, आणि अंगणात चार फुटांवर लोखंडी पाइप संपला. काकांनी फेज आणि त्या तारेच्या मधे टेस्ट लॅम्प (तपासणीसाठीचा साधा बल्ब) लावून दाखवला, बल्ब नुसता लालसर झाला. मग अंगणात तुळशीपासून थोडं दूर खड्डा केला, अडीच मीटरचा ४० एमएमचा जीआय पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, वर पाणी घालायला नरसाळं. काळी माती पावसाळ्यात छान ओल धरते पण मे महिन्यात भेगाळते, म्हणून उन्हाळ्यात आठवड्यातून एक बादली पाणी तिथे घालायचं. नंतर टेस्ट लॅम्प लख्ख पेटला. (ही तपासणी आरसीसीबीच्या आधीच्या बाजूला करायची, नंतरच्या बाजूला केली तर ६० वॅटचा बल्ब लावताक्षणी खटका पडणार, पाव अँपिअर गळती झाली ना ती.)

मला आधी वाटायचं की चांगली अर्थिंग असली की झालं, आरसीसीबी कशाला. काकांनी हिशेब करून दाखवला. अर्थिंगचा रोध समजा २० ओहम आहे, घरगुती खड्ड्याला उन्हाळ्यात तेवढा सहज होतो. कूलरच्या पत्र्याला फेज लागला तर २३० भागिले २०, साडेअकरा अँपिअर जमिनीत जाणार. १५ अँपिअरचा फ्यूज त्याला उडणारच नाही, पत्रा तसाच जिवंत राहणार आणि मीटर पळत राहणार. आरसीसीबीला मात्र ३० मिलिअँपिअर पुरेत, त्यामुळे पत्र्याला फेज लागला त्याच क्षणी तो पडतो, कोणी हात लावायची वाटच बघत नाही. अर्थिंग नसेल तरी तो पडतो, पण कोणीतरी हात लावल्यावर. म्हणून दोन्ही पाहिजे.

खर्च विचारतील म्हणून सांगतो, दोन्ही आरसीसीबी प्रत्येकी दोन हजारांच्या आतबाहेर, बाकी डबा, एमसीबी, वायर, पट्टी, अर्थिंग आणि काकांची मजुरी असं सगळं धरून साडेएकोणीस हजार. भिंत कुठेही फोडली नाही. ज्यांना एवढं जमणार नाही किंवा जे भाड्याने राहतात त्यांनी निदान कूलरच्या आणि गीझरच्या प्लगआधी छोट्या डब्यात एक ३० मिलिअँपिअरचा आरसीबीओ बसवून घ्या. घरमालकाला विचारा, बहुतेक जण नाही म्हणत नाहीत, जाताना काढूनही नेता येतो. हे काम स्वतः मात्र करू नका. मेन स्विच बंद केला तरी मीटरकडून येणाऱ्या वायरीत करंट असतोच, आणि मीटरच्या सीलला तर कोणीच हात लावायचा नाही, मीटर आणि त्याच्या पलीकडचं, खांबाकडचं काम महावितरणचं. इन्व्हर्टर असेल तर वायरमनला ते आधीच सांगा, इन्व्हर्टरचा न्यूट्रल चुकीच्या बारवर गेला की तोच उसन्या न्यूट्रलचा गोंधळ पुन्हा होतो, आणि लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर जे चालतं त्याचा भरवसा मेनच्या आरसीसीबीवर ठेवता येत नाही. आम्ही इन्व्हर्टरवर फक्त दिवे आणि छताचे पंखे ठेवलेत, हात लागेल असं काही नाही.

त्या जुन्या कूलरचं काय निघालं ते राहिलंच. आतल्या पाण्याच्या पंपाच्या वायरीला जोड होता, त्यावर साधी चिकटपट्टी, आणि टाकी पूर्ण भरली की तो जोड पाण्यात बुडायचा. म्हणूनच आईने भरत आणलं तेव्हा बसला, आधी नाही. आता पंप नवीन, वायर एकसंध, पत्र्याला अर्थ, तीन पिनांचा प्लग, आणि पाणी भरायच्या आधी बटण नाही तर पिनच काढायची हा घरातला नियम. होळी झाली की विदर्भात कूलर बाहेर निघतात, वर्षभर अडगळीत पडलेले, उंदरांनी वायरी कुरतडलेल्या, नवीन गवत लावतात, रंग देतात, वायर मात्र कोणी बघत नाही. दर उन्हाळ्यात पेपरात त्या बातम्या येतात, कूलरचा शॉक लागून महिला, कूलरचा शॉक लागून लहान मुलगा. पावसाळ्यात तेच कपडे वाळत घालायच्या तारेचं होतं, पत्र्याच्या शेडला बांधलेली लोखंडी तार आणि शेडवरून घासत गेलेली वायर. आम्ही मागची तार काढून नायलॉनची दोरी बांधली, वीस रुपयांत.

टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं असतं, नाहीतर आतला खटका वर्षानुवर्षं न हलता अडकून बसू शकतो. बाबा दोन महिने विसरले. मग आईने ते आपल्याकडे घेतलं, संकष्टीला सकाळची पूजा झाली की ती बोर्डापाशी जाते, टीव्ही-बिवी बंद आहे ना बघते, आधी ओल्या लाईनचं बटण दाबते, मग कोरड्या. काकांनी सांगितलंय की बटण दाबूनही खटका पडला नाही तर त्याच दिवशी बोलवा. परवा मी घरी होतो तेव्हा तिने बटण दाबलं, खट्ट आवाज झाला, पंखे हळूहळू थांबले, तिने बाबांना आतून हाक मारली, "अहो, पडला बरं का," आणि दांडा वर केला.